आबांची काळी सायकल: अमळनेर तालुक्यातल्या एका दुरुस्तीचे प्रकरण

प्रकरण एका सायकलीचे आहे. काळी, २४ इंची फ्रेम, वर आडवी दांडी, रॉडचे ब्रेक, मागे मोठे स्टँड. मूळ मालक आबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कामाला होते. मिलच्या पाळ्या त्यांनी हिच्यावरच केल्या. ते गेल्यावर सायकल गोठ्यामागे, पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकून वर्षानुवर्षे उभी राहिली. आता तिचा मालक त्यांचा नातू आहे, आणि त्याला ती रोज चालवायची आहे. त्याचे गाव अमळनेरच्या पूर्वेला, एका बाजूने आठेक किलोमीटर. पहाटे वीस लिटर दूध घेऊन शहरात यायचे, दिवसभर दुकानात काम, संध्याकाळी घरी. मोटरसायकल घरात आहे, पण ती धाकट्या भावाला लागते आणि पेट्रोलचा खर्च दुधाचा नफा खातो.

त्याने आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात चौकशी केली होती. तिथून यादी घेऊनच तो माझ्याकडे आला: सात गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, सरळ हँडल, जाड टायर, मॅट रंग. यादीत फ्रेम सोडून सगळे नवे होते. मी त्याला एवढेच विचारले, की पावसाळ्यात पहाटे साडेपाचला गावाबाहेर यातले काही बिघडले, तर दुरुस्त कोण करणार? या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक निर्णय याच प्रश्नावरून घेतला आहे, म्हणून तो आधी सांगतो.

फ्रेमची तपासणी

पुढची पाटी पडलेली होती, त्यामुळे सायकल कुठल्या कंपनीची ते कळले नाही. त्याने फारसे अडतही नाही. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाची हीरो १९५६ मध्ये, आणि त्याच काळात असनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. या सगळ्यांच्या दांडीच्या सायकली इंग्लिश रोडस्टरच्या मापावर बेतलेल्या. चाक २८ बाय दीड इंच, चेन अर्धा इंच बाय एक अष्टमांश, पुढे ३२ तारा, मागे ४०. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीला आज लुधियानाहून आलेला भाग बसतो. जुन्या सायकलीची ही सर्वांत मोठी संपत्ती आहे आणि सुधारणेच्या नावाखाली लोक पहिल्यांदा तीच घालवतात.

फ्रेम सरळ आहे का, हे दोरीने पाहिले. मागच्या एका टोकाच्या खाचेपासून दोरी निघते, हँडलच्या नळीला वळसा घालते आणि दुसऱ्या टोकाच्या खाचेत येते. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजायचे. अंतर सारखे असेल तर फ्रेम सरळ. इथे फरक नगण्य होता. सीटचा पाइप मात्र आत गंजून एकजीव झाला होता. त्यात डिझेल सोडून ठेवले, रोज थोडे ठोकले, आणि एका दुपारी उन्हात तापल्यावर सीटचाच दांडा करून पिळला तेव्हा तो सुटला. तो हिसक्याने काढायला गेले की नळीच पिळवटते. अशा कामात एप्रिल-मेचे खान्देशी ऊन उपयोगी पडते.

खरी अडचण पुढे सापडली. हँडलच्या नळीच्या खालच्या लगपाशी (लग म्हणजे नळ्या ज्यात घालून जोडतात तो पोकळ सांधा), जिथे खालची तिरकी नळी येऊन मिळते, रंगातून गंजाची एक बारीक तांबूस रेघ आली होती. नळीच्या मधोमध आलेला गंज मी फार मनावर घेत नाही. जोडाच्या कडेने सरळ रेघेत गंज आला, की थांबतो. तिथला रंग खरवडून, घासलेट लावून ते पाच मिनिटे मुरू दिले, वरचे कोरडे पुसले आणि खडूची पूड फासली. चिरेत शिरलेले घासलेट हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली. ती नळीच्या पत्र्यात शिरली असती तर फ्रेम बाजूला ठेवावी लागली असती, किंवा ती नळीच बदलावी लागली असती. पण ती लगच्या कडेला धरूनच गेली होती, नळीवर कुठेही उतरली नव्हती. म्हणजे नळी शाबूत होती, आतले पितळ सुटले होते.

पितळ कुठून आले, ते सांगायला हवे. या सायकलींच्या नळ्या एकमेकींना वेल्डिंगने जोडलेल्या नसतात. नळी लगमध्ये घालतात, जोड लाल होईपर्यंत तापवतात आणि वितळलेले पितळ नळी व लग यांमधल्या केसाएवढ्या फटीत ओढले जाते. लोखंड वितळतच नाही. यालाच ब्रेझिंग म्हणतात. सोनार डाग देतो तसाच हा प्रकार, फक्त सोन्याऐवजी लोखंड आणि डागाऐवजी पितळ. सोनाराकडचा टाकणखार इथेही लागतो, कारण तापलेल्या लोखंडावर गंजाची पापुद्री धरली की पितळ चिकटत नाही.

वेल्डिंग की ब्रेझिंग

मालकाच्या चुलत्यांचे म्हणणे होते की शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दहा मिनिटांत वेल्डिंग मारून घ्यावे. गावात नांगर, ट्रॉली, गेट सगळे तिथेच जोडले जाते, त्यामुळे सूचना स्वाभाविकच होती. पण पितळाच्या जोडावर आर्क वेल्डिंग चालत नाही. लोखंड वितळायला साधारण दीड हजार अंश सेल्सिअस लागतात, आणि पितळातले जस्त ९०७ अंशांनाच उकळते. आर्क लागताच जस्ताची वाफ होते, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात, आणि वितळलेले तांबे पोलादाच्या कणांमधल्या सांध्यांत शिरून त्याला ठिसूळ करते. वरून जोड भक्कम दिसतो. तो तुटतो रस्त्यावर, आणि हा जोड तुटला तर पुढचे चाक फ्रेमपासून सुटते. वीस किलो दूध घेऊन उतारावर असताना काय होईल, हे चुलत्यांना समजावून सांगितल्यावर ते स्वतःच म्हणाले, "मंग गॅसवाला देख."

गॅसवाले मिस्तरी आता थोडे उरले आहेत. आमच्याकडे एक वयस्कर आप्पा आहेत, जुनी पंपाची कामे करणारे. त्यांनी आधी जोडाच्या फटीतला गंज हॅकसॉच्या पातळ पात्याने ओढून काढला, घासलेटाचा अंश जाळला, टाकणखाराचा लेप आत जाईल असा दिला आणि ज्योत सतत फिरती ठेवून लग व नळी सारखी तापवली. नातू जवळ उभा राहून पितळी काडी कधी लावणार म्हणून घाई करत होता. आप्पा म्हणाले, "घाई नको करू भाऊ. लोखंड लाल व्हऊ दे, मंग पितळ आपसूक आत जाई." तसेच झाले. काडी टेकवल्याबरोबर पितळ कडेने धावत फटीत शिरले. शेवटी त्यांनी कडेवर पितळाची गोलसर कड सोडली आणि जोड हवेतच थंड होऊ दिला. पाणी मारले नाही.

गंजलेला जुना जोड कारखान्यातल्या नव्या जोडाएवढा पूर्ण भरतोच, असा माझा दावा नाही. आतला प्रत्येक कोपरा स्वच्छ करता येत नाही. म्हणून मालकाला दोन अटी घातल्या: पुढे कॅरियर किंवा टोपली लावायची नाही, आणि दर सहा महिन्यांनी घासलेट-खडूची चाचणी करायची. ही चाचणी तो आता स्वतः करतो.

यादीतले काय गळले, आणि का

मालकाचा जीव डिस्क ब्रेकवर होता. डिस्क ब्रेक दाबला की सगळा जोर चिमट्याच्या, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाच्या, एका पायावर येतो. या सायकलीचा पुढचा चिमटा बारीक नळीचा, दोन्ही पायांवर सारखा भार घेणारा. त्यावर ब्रेकचा कान जोडणे म्हणजे पाय वाकवण्याचीच तयारी. गिअरचेही तसेच. मागच्या दोन खाचांमधले अंतर या सायकलींना ११० ते ११५ मिलिमीटरच्या आसपास असते, सात गिअरचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३० च्या घरात जातो. पोलाद ताणून पसरवता येते, पण एवढे पसरवायचे, तेही गंजलेल्या फ्रेमचे, मला पटले नाही.

सरळ हँडलची मागणी सगळ्यांत साधी वाटते आणि तीच सगळ्यांत महाग पडते. रॉड ब्रेकची दांडी हँडललाच जोडलेली असते. हँडल बदलले की ब्रेक गेले. मग केबलचे ब्रेक हवेत. केबलचा ब्रेक रिमच्या बाजूला धरतो, आणि रॉड ब्रेकच्या रिमच्या बाजू गोलाकार असतात, त्यांवर रबर टेकत नाही. म्हणजे रिम बदला. सपाट बाजूची रिम ७०० सी मापात सहज मिळते, पण तिचा टायर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर, आपला ६३५. त्यामुळे रिमची कड सव्वासहा-साडेसहा मिलिमीटर आत सरकते, आणि एवढ्या लांब हाताचा ब्रेक शोधत बसावे लागते. मग टायर-ट्यूब ७०० सी चे. ते अमळनेरला सायकलच्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, मागवावे लागतात. २८ बाय दीडचा टायर मात्र पारोळा, चोपडा, धरणगाव, कुठल्याही बाजारात मिळतो. हँडल बदलण्यापासून सुरू झालेली साखळी टायरपर्यंत येते, हे मी मालकाला कागदावर लिहून दाखवले. कागद पाहून तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग विचारले, "मंग बदलाले काही ऱ्हायनं का नही?"

राहिले होते, आणि त्यातला पहिला बदल कोणालाही दिसत नाही.

दाते

पुढचे चेनव्हील ४४ दात्यांचे, मागचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दात्यांची चकती, १८ दात्यांचा. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरला थोडा कमी. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. रिकाम्या सायकलीला सपाट रस्त्यावर ते ठीक. पण आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, आणि तो कसा असतो ते साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांवरून समजावे. या मुलाचे गाव पूर्वेला, म्हणजे भरलेले कॅन घेऊन वाऱ्याच्या तोंडावर जायचे आणि रिकामे घेऊन वाऱ्याबरोबर परतायचे. अगदी उलटा हिशेब.

म्हणून मागे २२ दात्यांचा फ्रीव्हील घातला. आता एका फेरीत साडेचार मीटरच्या आसपास जाते. पायावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी वीसऐवजी सोळा किलोमीटर, म्हणजे आठ किलोमीटरला पाच-सहा मिनिटे जास्त. दूधवाल्याला ती परवडतात, गुडघे परवडत नाहीत. एरवी चार दाते वाढले की चेनची एक पूर्ण कडी, म्हणजे एक इंच, वाढवली की चाक होते त्याच जागी बसते. इथे चेन बदलायचीच होती, कारण बारा इंचांत बसायला हव्यात तेवढ्या कड्या मोजल्यावर माप एक अष्टमांश इंचाने जास्त भरले. तशी ताणलेली चेन नव्या फ्रीव्हीलचे दाते खाऊन टाकते. सात गिअरऐवजी एक फ्रीव्हील. माझ्या मते या सायकलीतला सर्वांत किमती बदल हाच आहे, आणि त्याला लागले एक चकती आणि थोडी चेन.

क्रँक, हब आणि चाके

कॉटर म्हणजे क्रँक (पायडलाचा दांडा) एक्सलला घट्ट धरणारी पाचरीसारखी पिन. तो काढताना अनेक ठिकाणी सरळ हातोडा घालतात. त्याचा मार एक्सलवरून आतल्या वाट्यांना बसतो आणि छर्ऱ्यांचे खड्डे वाटीत पडतात. मग नवे छर्रे घातले तरी पायडल कटकट करते. क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा जमिनीवर उभा करून आधार दिला, नट पिनेच्या टोकाशी समपातळीत ठेवला आणि एकच नेमका घाव घातला. उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, डावे पायडलही तसेच. हे माहीत नसल्याने किती फ्रेमचे आटे गेले असतील! वाट्या खाल्लेल्या होत्या, त्या आणि एक्सल बदलला, दोन्हीकडे पाव इंची अकरा छर्रे. नवे कॉटर दोन्ही क्रँकना विरुद्ध दिशांनी बसवावे लागतात. दोन्ही एकाच बाजूने घातले तर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याचे कंबरडे दुखते.

मागचा हब आबांच्या काळातलाच ठेवला. मधोमध तेलाचे भोक, त्यावर फिरणारी पत्र्याची पट्टी. हल्लीच्या हबांना हे नसते. फक्त कोन (छर्ऱ्यांना टेकणारे निमुळते नट) आणि छर्रे नवे. रिम मात्र मागची नवी घेतली, ४० भोकांची, आणि सगळ्या तारा नव्या. गंजलेल्या निपलसकट जुनी तार ताणायला गेले की ती आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढतानाच तुटते, आणि वीस किलोच्या भाराखाली एक तार तुटली की शेजारच्या दोन मागोमाग जातात. बाभळीच्या काट्यांसाठी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची चिरलेली पट्टी घातली आहे.

ब्रेकचे रॉड सरळ केले, सैल झालेले सांधे बदलले, चारही रबरे नवी. रॉड ब्रेक बरा लागावा म्हणून सगळ्यांत जास्त काम रिमचे असते, रबराचे नव्हे. रिम वर-खाली झोके खात असेल तर रबर एका ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी मोकळे राहते. चाकाचा वर-खालीचा आउट काढायला लोक कंटाळतात. इथे तो मन लावून काढला.

भार आणि उजेड

वीस लिटर दुधाचे वजन साडेवीस किलोच्या वर जाते, कॅन वेगळा. मालकाने एकच मोठा कॅन कॅरियरवर उभा बांधायचे ठरवले होते. तसे केले की भार उंच जातो आणि मागच्या एक्सलच्याही मागे. चढावर पुढचे चाक हलके होऊन हँडल भरकटते. त्याऐवजी दहा लिटरचे दोन कॅन, कॅरियरच्या दोन्ही अंगांना, एक्सलच्या जवळ आणि शक्य तेवढे खाली. त्यासाठी बारीक सळईची दोन कडी फॅब्रिकेशनवाल्यानेच करून दिली. तिथे वेल्डिंग अगदी योग्य. कडी कॅरियरला नट-बोल्टने लावली आहेत, म्हणजे सणावाराला काढून ठेवता येतात. मागचे मोठे स्टँड ठेवले. बाजूच्या एका पायाच्या स्टँडवर एक कॅन काढला की सायकल दुसऱ्या बाजूला आडवी होते.

पहाटेच्या अंधारासाठी जुना बाटलीचा डायनॅमो चालू होता, सहा व्होल्ट, तीन वॅट. दिव्याच्या जुन्या डब्यात गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने चार डायोडचा ब्रिज, एक कंडेन्सर आणि पांढरा एलईडी बसवून दिला. सायकल थांबली तरी काही सेकंद दिवा राहतो. वळणावर थांबून मागच्या ट्रकला जाऊ देताना ती काही सेकंद फार मोलाची असतात. चिखलात डायनॅमोचे चाक टायरवर घसरते, त्यासाठी सोबत हातबॅटरी ठेवायला सांगितली आहे.

रंगाबद्दल घरात दोन तट होते. नातवाला मॅट पावडर कोटिंग हवे होते. त्याची भट्टी दोनशे अंशांच्या आसपास चालते, पितळाच्या जोडांना तिने काही होत नाही. पण जाड थरात लगची कोरीव कड बुजते, आणि जोडावर पुन्हा चीर आली तर प्लॅस्टिकसारख्या कोटिंगखाली ती लवकर दिसत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या कारणासाठी होता. निर्णय मात्र आजीने दिला. ती अंगणात आली, दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आबानी सायकल शे ती, कायीच राहू दे." म्हणजे काळीच. मूळ काळा रंग तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने पुसून काढला. सोनेरी रेघा जिथे उरल्या होत्या तिथे त्या वर आल्या. दुरुस्त केलेल्या जोडावर फक्त पातळ काळा इनॅमल, हाताने.

पावसाळ्यानंतरची स्थिती

एक पावसाळा गेला आहे. जोडावर खडू कोरडा राहतो. मागच्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या सैल झाल्या, त्या ताणल्यावर चाक स्थिर आहे. काळ्या जमिनीच्या चिखलाचा अंदाज आधीच होता. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पट्टा असा, की मडगार्ड आणि टायरमध्ये माती भरून चाक जागीच थांबते. मडगार्डच्या तारा वॉशर घालून वर उचलल्या, तेव्हा बोटभर जागा वाढली आणि चाक फिरते राहिले. जोराच्या पावसात तेवढा पट्टा तो सायकल हातात धरून चालतो.

ओल्या रिमवर रॉड ब्रेक उशिरा लागतो, हे आजही खरे आहे. त्यावर उपाय म्हणून उतारापूर्वीच ब्रेक हलका दाबून रिमवरचे पाणी पुसायची सवय त्याने लावून घेतली आहे, आणि बोरी नदीच्या पुलाकडे येताना वेग आधीच उतरवतो. पुढची जुनी रिम अजून तीच आहे, तिचा क्रोम ब्रेकच्या पट्ट्यावर उडायला लागला आहे. ३२ भोकांची नवी रिम बाजारातून आणून ठेवली आहे. दिवाळीनंतर दुधाची गर्दी कमी झाली की सायकल एक दिवस माझ्याकडे राहील, तेव्हा ती रिम आणि हँडलखालच्या वाट्यांचे छर्रे, दोन्ही बदलायचे आहेत.